रविवारची घंटा आणि सोमवारचा दाखला

माझ्या आजोबांनी थोरली लेक बौद्ध घरात दिली आणि धाकटी ख्रिस्ती घरात. दोन्ही घरे मूळची महारवाड्यातलीच, त्यामुळे त्या काळी त्यात कोणाला वावगे वाटले नाही. धाकटी, म्हणजे माझी मावशी, प्रवरेच्या पाटावरच्या एका खेड्यात नांदली आणि तिथेच मातीआड झाली. मध्यंतरी मावसभावाकडे मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी रविवार. तो म्हणाला, "दादा, मिस्साला चल. नुसता बसून राहा." गेलो आणि बसलो. तेव्हापासून जे डोक्यात घोळते आहे ते चळवळीतल्या बांधवांपुढे मांडतो आहे. काहींना ते रुचणार नाही, याची कल्पना आहे.

पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, शेवगाव या पट्ट्यात कॅथलिक वस्त्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मन भाषा बोलणारे जेझुइट फादर इकडे आले. त्यांच्यापाशी कोण गेले? पाटील-देशमुख नव्हे. गेले ते गावकुसाबाहेरचे महार आणि मांग. शाळा मिळते, औषध मिळते आणि कोणीतरी आपल्या ओट्यावर टेकून पाणी पितो, हे पाहून गेले. त्यांना 'मिलो खाऊन बाटलेले' म्हणून हिणवणारे आपल्यातही आहेत. भूक लागलेल्या माणसाने भाकरी घेतली यात लाज त्याची, की त्याला उपाशी ठेवणाऱ्या गावाची?

धर्मग्राम म्हणजे एक मुख्य चर्च आणि त्याला जोडलेली आसपासची खेडी. फादर एक, फार तर दोन. त्यामुळे लांबच्या वस्तीवर दर रविवारी मिस्सा होत नाही. ज्या रविवारी फादर येत नाहीत, त्या रविवारी धर्मशिक्षक प्रार्थना चालवतो. वस्तीत त्याला मास्तरच म्हणतात. म्हणजे फादर आले नाहीत म्हणून रविवार चुकत नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

मी गेलो त्या दिवशी दाराबाहेर चपलांचा ढीग होता, आत सतरंज्या अंथरलेल्या. एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. पेटी आणि तबला. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकांच्या भाषेत करायला परवानगी दिली, तोवर हे सगळे लॅटिनमध्ये चालत होते. आता गाणी मराठी, चाल भजनाची. पहिले वाचन एका मुलीने केले. बारावीत असेल. तिची आई उसाच्या खुरपणीला जाते. ती मुलगी शे-दीडशे माणसांपुढे उभी राहून खणखणीत वाचत होती आणि सरपंचाच्या वयाची माणसे मान खाली घालून ऐकत होती. मग पावसासाठी, आजारी माणसासाठी, तोडीला गेलेल्या कुटुंबांसाठी प्रार्थना झाली. पुढे एक क्षण असा येतो की सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात आणि शांती देतात. मांगाच्या म्हातारीने महाराच्या म्हाताऱ्याला हात जोडले, त्याने तिला जोडले. पाहुणा म्हणून मलाही.

आठवड्याचे बाकीचे दिवसही रिकामे नसतात. मेच्या आणि ऑक्टोबरच्या महिन्यात संध्याकाळी घरोघर माळेची प्रार्थना फिरते, आज या घरी तर उद्या त्या घरी, आणि यजमान चहा करतो. उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट असते. कोणी आजारी असेल तर सिस्टर घरी येऊन जातात. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा. ती १९४९ पासून भरते आणि तिला बिगरख्रिस्तीही लोटतात. मिस्सा संपल्यावर मास्तरने उभे राहून मागच्या रविवारी किती दान जमले आणि ते कशावर खर्च झाले, ते वाचून दाखवले. आपल्या जयंती मंडळांचा हिशोब असा कधी वाचला जातो, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

हे मी ख्रिस्ती धर्माचे गुणगान गाण्यासाठी लिहीत नाही. मी बौद्ध आहे. पण १९५४ मध्ये बाबासाहेबांनी ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन कौन्सिलला जे निवेदन दिले, त्यात विहारांमधून दर रविवारी सामुदायिक उपासना व्हावी आणि तिच्यामागोमाग प्रवचन व्हावे, अशी स्पष्ट सूचना होती. त्याआधी १९५० च्या आपल्या लेखात त्यांनी भिक्खूंना ख्रिस्ती धर्मसेवकांच्या शिक्षणाचे आणि सेवाभावाचे उदाहरण दाखवले होते. आज किती विहारांत दर रविवारी माणसे बसतात? आमच्या वस्तीतल्या विहाराचे कुलूप १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर एवढ्याच दिवशी उघडते. किल्ली कोणाकडे, यावरून दोन गट आहेत!

आता सोमवारचे बोलू. रविवारी ज्याच्या पुढे लोक हात जोडतात तो सोमवारी गावात कोण असतो? तोच, जो त्याचा आजा होता. पाटलाच्या रानात त्याला जातीनेच ओळखतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये, यात्रा काही दिवसांवर आली असताना, त्याच हरेगावात चार दलित पोरांना शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून झाडाला उलटे टांगून मारले. ज्या गावात लाखोंची यात्रा भरते त्या गावातली ही गोष्ट. मारणारा आधी जात पाहतो, देव्हारा पाहत नाही. कायदा मात्र देव्हारा पाहतो. अट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण अनुसूचित जातीच्या माणसाला आहे आणि ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग कागदावर अनुसूचित जातीचा राहत नाही. महाराष्ट्रात त्याला इतर मागासवर्गात टाकले आहे. राखीव वॉर्डात तो उभा राहू शकत नाही.

ही भिंत १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने उभी केली. हिंदू असेल तोच अनुसूचित जातीचा. १९५६ मध्ये शिखांसाठी दार उघडले, १९९० मध्ये आपल्यासाठी. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर आहेत. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सूसै नावाच्या ख्रिस्ती माणसाला सरकारी टपरी नाकारली गेली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांगितले की धर्मांतरानंतरही हाल तितकेच तीव्र आहेत हे आधी सिद्ध कर. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. ती बासनात गेली. २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला. आयोग येतात आणि मुदतवाढ घेतात. पोरांची वये मात्र मुदतवाढ घेत नाहीत.

म्हणून मावसभावाच्या घरात दोन नावे चालतात. चर्चच्या स्नानसंस्काराच्या वहीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. वहीत ख्रिस्ती, दाखल्यावर 'हिंदू महार'. आपल्यातले काही जण याला लबाडी म्हणतात. बांधवांनो, १९५६ नंतर आपल्या बापांनी काय केले? दीक्षा घेतली आणि पोराची केंद्राची नोकरी जाऊ नये म्हणून दाखल्यावर 'हिंदू महार' राहू दिले. चौतीस वर्षे ही ओढाताण आपण भोगली आहे. बौद्ध धम्मात जात नाही म्हणून बौद्धाला सवलत नको, हा युक्तिवाद आपल्याविरुद्ध वापरला गेला तेव्हा तो अन्याय होता. मग तोच युक्तिवाद मिस्साला बसणाऱ्या मावशीच्या नातवाविरुद्ध आपण कोणत्या तोंडाने करायचा?

वाटा कमी होईल ही भीती खोटी नाही. आधीच पदे भरत नाहीत, आणि त्यात वाटेकरी वाढले तर काय, असे तरुण पोरे विचारतात. त्यावर उत्तर वाटा वाढवून मागणे हे आहे. लोकसंख्या मोजा आणि टक्का वाढवा. भाऊबंदाला दारात उभे ठेवून भाकरी पुरत नसते.

चर्चलाही मोकळे सोडता येत नाही. बाबासाहेबांनी धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना मिशनऱ्यांना खडे बोल सुनावले होते: जात मोडण्याचे काम तुम्ही अर्धवट टाकले, आणि तुमचा शिकलेला माणूस आपल्या लोकांसाठी तोंड उघडत नाही. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी आपल्या दलित धोरणात चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच कबूल केले. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतसुद्धा भिंती आहेत. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडावे लागले. आमच्याकडच्या वस्तीत शांती देताना हात जुळतात, पण महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांची सोयरीक आजही सहज जुळत नाही. मी हे मास्तरला विचारले. तो हसला आणि म्हणाला, "तुमच्यात जुळते का?" मला हसू आले नाही.

यंदाच्या १४ एप्रिलला मावसभाऊ मिरवणुकीत होता. गळ्यात क्रूस, हातात निळा झेंडा. कोणी त्याला विचारले नाही, आणि ते बरेच झाले. मिरवणूक संपल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, नातवाचे नाव जूनमध्ये पहिलीत घालायचे आहे. धर्माच्या रकान्यात काय लिहू?" मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही.