वर्षाच्या मध्येच शाळा सोडवायची म्हणता?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की आमच्याकडे पालकांची एक विचारणा ठरलेली असते. "पोरगं शाळेत जायला नको म्हणतं. नाव काढून घरीच शिकवलं तर चालेल का?" परवा असे विचारायला आलेले बांधव सफाई खात्यात आहेत. मुलगा सातवीत. रोज सकाळी त्याच्या पोटात दुखते, रविवारी मात्र दुखत नाही. वर्गातली मुले आडनावावरून टोमणे मारतात आणि बाई ऐकून न ऐकल्यासारखे करतात. त्यांची पत्नी ज्या सोसायटीत धुणीभांडी करते, तिथली एक मुलगी शाळेत न जाता घरीच शिकते. मग आपल्या मुलाने का शिकू नये, असा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. घरचे शिक्षण आपल्याला नवे नाही. सावित्रीमाईंना जोतीरावांनी घरीच शिकवले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा स्वतः जागे राहून पहाटे दोनला भीमरावांना अभ्यासाला उठवीत. पण हेच भीमराव साताऱ्याच्या शाळेत स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसत होते, तहान लागली तरी नळाला हात लावू शकत नव्हते. तरीही रामजीबाबांनी मुलाची शाळा तोडली नाही. जोतीरावांची शाळा मात्र वडिलांनी लोकांच्या सांगण्यावरून मध्येच सोडवली होती. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेले.

आता आपल्या घराकडे पाहू. सोसायटीतल्या त्या मुलीची आई शिकलेली, दिवसभर घरी असणारी. शिवाय शिकवणीला पैसा आहे. आपल्याकडे आई-बाप दोघेही सकाळी सहाला बाहेर पडतात. मग घरी राहिलेल्या मुलाला शिकवणार कोण? आधी तो धाकट्यांना सांभाळतो, पाणी भरतो, उरलेला वेळ मोबाईल. चार महिन्यांनी कुणीतरी म्हणते, रिकामा बसण्यापेक्षा गॅरेजवर जाऊ दे. मुलगी असेल तर चूल तिच्या गळ्यात पडते आणि दोन वर्षांत सोयरिकीची बोलणी सुरू होतात. हे आम्ही वस्तीत पाहिलेले आहे. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: मुलाला त्रास देणारी शाळा जरूर सोडावी, पण शाळाच सोडू नये.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळा मिळणे हा हक्क केला. मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे कायदा म्हणतो; मात्र पालकांना त्यात शिक्षा सांगितलेली नाही. आपल्या कामाची कलमे निराळीच आहेत. कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यास मनाई आहे. कलम ५ प्रमाणे सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागता येते आणि मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. कलम १५ प्रमाणे मुदत संपली या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. म्हणजे डिसेंबरातही शाळा बदलता येते. "आता जूनमध्ये या" असे कुणी म्हणाले, तर ते लेखी द्या म्हणावे. बहुधा सूर बदलतो.

नाव काढण्याआधी दाखल्याचाही विचार करावा. शाळेच्या रजिस्टरातली धर्म-जातीची नोंद पुढे जात पडताळणीला उपयोगी पडते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवास सिद्ध करताना आजोबांचे कागद सापडत नाहीत, हे ज्यांच्यावर बेतले त्यांना विचारा. १९९० साली केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या, पण त्या मिळवायच्या कागदावरच. दाखला हातात येताच नाव, जन्मतारीख, धर्म, जात तिथेच उभे राहून वाचावे. शिष्यवृत्ती, पोषण आहार, पुस्तके हेही पटावरच्या मुलालाच मिळते.

मूल खरोखर आजारी असेल, किंवा काही केल्या जमत नसेल, तर मुक्त शाळेची वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा घेते, पुढे दहावी-बारावीही. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आहे. दहावीला बाहेरून बसायला १७ नंबरचा फॉर्म असतो, तो बराच आधी भरावा लागतो. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर फुकट उतरवता येतात. शिकवायला मात्र माणूसच लागतो. वस्तीत बी.ए., बी.कॉम. झालेली पोरे बसून आहेत आणि विहार दिवसभर बंद असतो. दोन्हींचा मेळ पंचायत समितीच्या साहेबांनी येऊन घालायचा काय?

तूर्त त्या बांधवांना आम्ही अर्ज लिहायला सांगितला आहे. कोणी, कोणत्या तारखेला, काय शब्द वापरले, बाईंना केव्हा सांगितले, एवढेच, शिव्याशाप नकोत. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक शाळा व्यवस्थापन समितीला, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी आणि ती प्रत दाखल्यांच्या पिशवीत ठेवावी.