सेवक म्हणायचे, तर सेवेचा मानही द्यावा

पनवेल म्हटले की आता द्रुतगती मार्ग, उत्तुंग संकुले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला विमानतळ डोळ्यांसमोर येतो. पण याच तालुक्यात माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी, मालडुंगे ही गावे आहेत, प्रबळगडाच्या अंगावर माची प्रबळ आहे, वनवासी बांधवांच्या वाड्या आहेत. अशा गावा-वाड्यांपर्यंत शासनाचा म्हणून जो माणूस नित्यनेमाने पोहोचतो, तो ग्रामीण डाक सेवक.

त्याचा दिवस सोपा नाही. कोकणच्या पावसात ओढे फुगतात, पायवाटा निसरड्या होतात. तरी पिशवीतला कागद कोरडा राहिला पाहिजे. वाडीत घरांना क्रमांक नाहीत आणि एकाच आडनावाची दहा घरे. पत्त्यावर नाव मुलाचे, गाव ओळखते ते बापाला. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी गावे उठली. माणसे नव्या वसाहतीत गेली, तरी जुन्या गावाच्या नावाने कागद येतच राहिले. अशा वेळी संगणक हतबल होतो, कामास येते ती टपालवाल्याची स्मरणशक्ती.

१ सप्टेंबर २०१८ रोजी टपाल खात्याची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि त्याच्या हाती पत्रांसोबत पैसाही आला. निराधार वृद्धेचे अनुदान तो तिच्या ओट्यावर मोजून देतो. मात्र कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखत नाही, डोंगराआड मोबाईलची रेंज मिळत नाही. म्हातारीचा रोष मात्र त्याच्याच वाट्याला. विमा आणि बचत खात्यांची उद्दिष्टे आहेत ती वेगळीच.

एवढे करणारा हा माणूस खात्याचा नियमित कर्मचारी नाही! गावातील शिक्षक वा दुकानदाराकडून फावल्या वेळात टपालाचे काम करून घ्यायचे, ही इंग्रजी अमदानीची काटकसर. स्वातंत्र्यानंतरही त्याला ‘खात्याबाहेरील’ म्हटले गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पद नागरी पद असल्याचे मान्य केले, २००१ मध्ये ‘ग्रामीण डाक सेवक’ हे नाव मिळाले. नाव पालटले, चौकट तीच राहिली. काम चार-पाच तासांचे धरले जाते, मोबदल्याला वेतन न म्हणता भत्ता म्हणतात, नियमित निवृत्तिवेतन नाही. वेतन आयोग इतरांसाठी. यांच्यासाठी दर वेळी निराळी समिती.

मे २०१८ मध्ये या सेवकांना देशभर संप करावा लागला. त्यानंतर जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनुसार किमान भत्ता दहा ते साडेचौदा हजार रुपये केला आणि त्यावर महागाई भत्ताही दिला. हे पाऊल स्वागतार्हच होते. पण मूळ प्रश्न दर्जाचा आहे, आणि तो तसाच आहे.

याच तालुक्यातील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मस्थान. इंग्रजांच्या कचेरीत नोकरीस असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि मातेची अखेरची भेट हुकली. त्या घावाने त्यांचे मन पेटले. नियम पाहणारी आणि माणूस न पाहणारी ती वृत्ती परकी होती. मग रजेवर जायचे तर बदली माणूसही स्वतःच शोधून द्यावा, हा दंडक स्वतंत्र भारतातही डाक सेवकाच्या माथी दीर्घकाळ राहिला, त्याला काय म्हणावे?

अंत्योदयाचा विचार मानणाऱ्यांनी हे बोलले पाहिजे. जिथे काम वाढले आहे तिथे पूर्ण वेळ, पूर्ण वेतन आणि वृद्धापकाळी निवृत्तिवेतन, ही मागणी न्याय्य आहे. कार्यकर्त्यांच्या हातीही काही आहे. वाडीतील घरांना क्रमांक लावणे, शाखा डाकघरासाठी गावात कोरडी जागा मिळवून देणे, याला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

सेवा हा आपल्या संस्कृतीतील थोर शब्द आहे. तो स्वतःहून वाहिलेल्या श्रमाला शोभतो. दुसऱ्याच्या श्रमाचे मोल चुकवण्यासाठी वापरला, तर त्या सेवेची वेठ होते.