आडोसा मागायचा कसा?

‘लघवी राहत नाही’ हे तीन शब्द आपल्या घरांत अजून कुजबुजूनच बोलले जातात. मधुमेह, मोतीबिंदू यांच्या गप्पा ओट्यावर रंगतात. पण प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे आजोबा किंवा चार बाळंतपणे झालेली आजी मिरजेच्या डॉक्टरांकडे जातात ती शेजाऱ्यांना चुकवून. डायपरचा पुडा घरी येतो तोही वर्तमानपत्रात गुंडाळून. सप्टेंबर २०२५ मध्ये डायपरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही बातमीसुद्धा कुणी मोठ्याने वाचली नसावी.

आता सातारा-सांगलीची मुले बंगळुरात, दुबईत, न्यूजर्सीत आहेत आणि आईवडिलांना विमानाने बोलावतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे आधी पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठायचे. सांगलीहून पुण्यापर्यंतचा सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ताच अशा माणसाची परीक्षा पाहतो. पुढे सुरक्षा तपासणी.

आपल्याकडे बायकांची तपासणी पडद्याआड होते. पुरुषांना मात्र चौथऱ्यावर उभे करून, चारचौघांत, अंगावरून हात फिरवतात. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, कमरेशी असाच एक हात थांबला. (विमानतळ कोणता, ते सोडून देऊ.) ‘ये क्या पहना है?’ मागची सगळी रांग ऐकत होती. चाळीस वर्षे शाळेत ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत असे, त्या आप्पांच्या तोंडून शब्द फुटेना. मीच पुढे होऊन सांगितले. तपासनीस ओशाळला, बिचारा. त्यालाही हे कुणी शिकवलेले नसणार.

तपासणी नको, असे माझे म्हणणे नाही. २५ डिसेंबर २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानात एका तरुणाने स्फोटके आणली होती ती अंतर्वस्त्रातच. संशय येणारच. पण २०११ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात एका ९५ वर्षांच्या कर्करुग्ण बाईंना तपासणीच्या वेळी डायपर काढावे लागले आणि त्यावर गदारोळ झाला. २०२१ मध्ये आपल्याकडे अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, अशी जाहीर व्यथा मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. नामवंतांना तोंड उघडता येते. आमच्या आप्पांनी काय करावे?

स्वतंत्र आडोशाला तपासा, अशी विनंती प्रवाशाला करता येते. पण ती करायची म्हणजे आधी बोलायला हवे, आणि गाडी अडते ती तिथेच! म्हणून पुरुषांसाठीही एक पडदा कायमचा लावावा, मागावा लागू नये, असे माझे मत आहे. खर्च तो किती?

तोवर डॉक्टरांची चिठ्ठी वरच्या खिशात ठेवावी; बोलण्याऐवजी ती पुढे करता येते. डायपर हातसामानातच घ्यावेत, उशीर धरून दुप्पट. परदेशी जाताना मलमाची ट्यूब बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरच्या आतलीच चालते. रांगेत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे.

सांगलीच्या आमच्या काकांनी नातीच्या बारशाला दुबईला जायचे टाळले. कारण विचारले तर म्हणाले, ‘गुडघे.’ काका रोज पहाटे आमराईला चार फेऱ्या मारतात.