कोंबडीची किल्ली, माणसाचं कुलूप

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या वसई-विरारकडे काही कोंबड्यांत बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ सापडला आणि रविवारी घरात फर्मान निघालं, "आज चिकन नको!" वरण-भात खाता खाता डोक्यात आलं, हा विषाणू पेशीत शिरतो तरी कसा?

उत्तर आमच्या धंद्यातलंच निघालं.. लॉगिन! पेशीच्या पृष्ठभागावर सियालिक आम्ल नावाची साखर असते, तोच याचा रिसेप्टर. कोंबडीत ती मुख्यतः अल्फा २,३ पद्धतीने जोडलेली, आपल्या नाका-घशात बहुतेक अल्फा २,६. एच५एन१ पहिलीला चिकटतो. ती आपल्यातही आहे, पण फुप्फुसात खोलवर. म्हणून लागण क्वचित, पण झाली तर जिवावर बेतू शकते.

चुकीचा पासवर्ड तीनदा टाकला की बँक खातं लॉक करते. विषाणूला अशी मर्यादा नाही; प्रत्येक नवी प्रत म्हणजे नवा प्रयत्न. २००६ साली नवापुरात सुरू झालेलं हे अजून थांबलेलं नाही.

म्हणून माझं मत : नीट शिजवलेलं चिकन खुशाल खा. पण कोंबड्या मरताच कळवणाऱ्या पोल्ट्रीवाल्याला भरपाई लवकर आणि पुरेशी मिळायलाच हवी. बुडण्याच्या भीतीने त्याने लपवलं, तर हे प्रयत्न थांबवणार कोण?

असो. पुढच्या रविवारी चिकन झालं!