यंत्र आपले, किल्ली कुणाची?

बँकेत असताना मी ट्रॅक्टरची अनेक कर्जे मंजूर केली. हप्ते फिटेपर्यंत ट्रॅक्टर बँकेकडे तारण असे. पण ऐन पेरणीत तो बिघडला, तर शेतकरी आर्वीच्या कुठल्याही मिस्त्रीकडे नेई. बँकेला विचारत बसत नसे. रुग्णालय मात्र पुरते पैसे मोजून यंत्र घेते, आणि ते बंद पडले की पुष्कळदा उघडूही शकत नाही. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तिका, यंत्राचा पासवर्ड, सारे कंपनीच्या हाती.

२०१५ साली केंद्राने वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला. त्या वेळच्या मोजणीत २९,११५ आरोग्य संस्थांत ७,५६,७५० उपकरणे आढळली. त्यांतली १३ ते ३४ टक्के, राज्याराज्यांनुसार, नादुरुस्त होती. मग ठरले की जिल्हा रुग्णालयातली उपकरणे ९५ टक्के वेळ चालू हवीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात ८० टक्के पुरे. म्हणजे शंभरातले वीस दिवस यंत्र बंद राहिले तरी करार मोडत नाही. त्या वीस दिवसांत रोहण्यासारख्या गावातल्या गरोदर बाईने वर्ध्याची बस धरायची!

कंपन्या म्हणतात, परक्या हाताने दुरुस्त केलेले यंत्र जिवावर बेतेल. ही भीती अगदीच खोटी नाही. तथापि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये हा प्रश्न तपासला, तेव्हा कंपनीबाहेरचे अनेक दुरुस्तीकारही सुरक्षित व उत्तम काम करतात, असाच निष्कर्ष निघाला. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली गेली. तिच्यापुढे शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने होती. रुग्णालयातली यंत्रे राहूनच गेली.

गांधीजींच्या सेवाग्रामच्या जिल्ह्यात तरी हा विचार नवा नसावा. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा: किंमत दीडशे रुपयांच्या आत, चरखा वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. दुरुस्तीचा विचार खरेदीच्या आधीच झाला होता.

आज तेवढेच करायचे आहे. पुस्तिका, सुटे भाग, पासवर्ड आणि रुग्णालयाच्या तंत्रज्ञाचे प्रशिक्षण हे सारे खरेदीच्या करारातच मागून घ्यावे. सही करण्यापूर्वी बारीक अक्षरे वाचा, असे मी कर्जदारांना सांगत असे. सरकारी खरेदीदारालाही माझे सांगणे तेच आहे.