पगारपत्रकातले दोनशे रुपये

आमचे बरेच वाचक नोकरदार आहेत. सातारा-सांगलीतले शिक्षक, बँकवाले, साखर कारखान्यातले, आणि इथून पुण्या-मुंबईला गेलेले. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. ते कशापायी, हे आता कुणी विचारतही नाही.

या कपातीचं मूळ आपल्याच मुलखात आहे. विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असताना, १९६५ साली, तासगाव भागात मागेल त्याला काम देऊन पाहिलं गेलं. मग १९७२चा दुष्काळ आला. माण, खटाव, जत, आटपाडीत बायाबापड्या बोटांना चिंध्या गुंडाळून खडी फोडत होत्या. सुकडी आणि लाल मिलो ज्वारीच्या भाकरीवर घरं तगली. मागेल त्याला कामाची ही योजना, म्हणजे रोजगार हमी, राज्यभर गेली ती तेव्हा. १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ला लागू झाला. खर्चासाठी १९७५मध्येच व्यवसाय कर बसवला होता. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी मजुराच्या रोजगारासाठी वर्गणी द्यायची, असा इतका उघड व्यवहार सरकारं सहसा करत नाहीत.

योजनेची खरी हुशारी अशी, की गरिबीचा दाखला लागत नव्हता. उन्हात टिकाव मारायला येतो तो गरजूच. तलाठ्याने आणखी काय तपासायचं? बाईला आणि पुरुषाला दरही एकच. १९८८मध्ये मजुरी जवळपास दुप्पट झाली आणि त्यानंतर कामंच हात राखून निघू लागली, असं अभ्यासकांनी नोंदवलं. हक्क कागदावर ठेवून आखडता हात घेणं सरकारला फार अवघड जात नाही.

पण आमचा मुद्दा वेगळा आहे. बांध घातला मजुराने, त्याचं पाणी मुरलं ज्याची जमीन त्याच्या विहिरीत. १९९०पासून रोजगार हमीतून फळबागा लागल्या, माळावर डाळिंब आलं. चांगलंच झालं. मात्र खड्डे खणणाऱ्याची मजुरी आठवडी बाजारात संपली आणि बाग सातबारावाल्याकडे राहिली. पोटाची भूक भागली, पण मिळकतीतलं अंतर तसंच राहिलं.

हे खानापूर तालुक्यात लोकांनी वेळेत ओळखलं. मुक्ती संघर्ष चळवळीच्या माणसांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधताना भूमिहीनालाही पाण्याचा वाटा धरला. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या, त्याही समन्यायी वाटपासाठी.

जुलै २०२४पासून लाडकी बहीण योजनेतून बायकांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये येतात. त्याला नाकं मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. स्वतःच्या नावावरच्या पैशासाठी बाईला ना नवऱ्याकडे बघावं लागतं, ना मुकादमाकडे. तरी त्या पैशाने तिला पाण्यात वाटा मिळत नाही. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आता दुष्काळी रानांत पोचलंय. त्यातलं उसाला किती गेलं आणि शेतमजुराच्या घराला त्यातून काय मिळालं, हा हिशेब योजनांच्या जाहिरातींत सापडत नाही. यंदाच्या दिवाळी अंकात आम्ही तोच मागितला आहे. बागायतदार वाचकांची पत्रं येतील, ती छापू.