विश्लेषण : दिव्या नागपुरात घडली, कुरखेड्यातील मुलीने कुठे जायचे?

जॉर्जियातील बाटुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. १९ वर्षांच्या या नागपूरकर खेळाडूला विजेतेपदाबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळाला. काही दिवसांतच राज्य सरकारने नागपुरात सत्कार करून तिला तीन कोटी रुपये दिले. कौतुक रास्तच. पण खेळाडूच्या वाटचालीत सरकारचा पैसा यायला हवा तो कोणत्या टप्प्यावर? गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेड्यातून पाहिले, तर हा प्रश्न जास्त टोचतो. त्याचे एक उत्तर दक्षिण कोरियात, ‘गो’च्या पटावर सापडते.

बेटावरचा मुलगा अव्वल कसा झाला?

गो हा १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांवर काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी खेळायचा, जागा वेढण्याचा खेळ. कोरियात त्याला ‘बदुक’ म्हणतात. २०१६ मध्ये सोलला ‘अल्फागो’ या संगणकीय प्रणालीविरुद्ध पाच डाव खेळलेला ली सेडॉल जगाला माहीत झाला तो त्या सामन्यामुळे. तो ४-१ असा हरला. मात्र चौथ्या डावातील त्याच्या ७८व्या खेळीची चर्चा आजही होते. २०१९ मध्ये तो निवृत्त झाला.

त्याचे गाव मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९८३ मध्ये तो जन्मला बिगुमदो या नैर्ऋत्येकडील, मिठागरांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बेटावर. खेळ शिकवला वडिलांनी. पण वडिलांची शिकवण एका मर्यादेपर्यंतच पुरते. पुढे तो सोलला क्वोन काप-योंग यांच्या प्रशिक्षण शाळेत गेला आणि १९९५ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी व्यावसायिक खेळाडू झाला. त्याच्या आधीच्या पिढीतील ली चांग-हो तर १९८४ पासून गुरू चो हुन-ह्यून यांच्या घरीच राहत होता. १९९० मध्ये त्याने गुरूंचाच किताब जिंकला, तेव्हाही दोघे एकाच छपराखाली होते! आपल्याकडे गाणे शिकायला गुरूच्या घरी राहण्याची जी रीत होती, तिच्याशी हे मिळतेजुळते. दूरच्या मुलाला निजायला जागा, जेवण आणि रोज हरवणारा कोणीतरी मिळाला, हे कोरियाच्या यशामागचे साधे कारण आहे.

दिव्याला काय मिळाले?

आई-वडील दोघेही डॉक्टर. पाचव्या वर्षी खेळाला सुरुवात, नागपुरातच राहुल जोशी यांच्यासारखे प्रशिक्षक. गुणवत्ता तिचीच, मेहनतही तिचीच. पण घराजवळ वर्ग असणे आणि प्रवासाचा भार पेलणारे घर असणे हा त्या यशाचा पाया आहे, हे मान्य केल्याने तिचे श्रेय कमी होत नाही.

हा भार लहान नसतो. ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी २५०० मानांकन आणि तीन नॉर्म लागतात. नॉर्मसाठी साधारण नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० च्या दर्जाची कामगिरी करावी लागते, तीही परदेशी आणि किताबधारक प्रतिस्पर्ध्यांसमोर. दिव्याने विश्वचषक जिंकून ही वाट थेट ओलांडली. सगळ्यांच्या नशिबी असा आडमार्ग नसतो. आणि ही झाली वरची पायरी. पहिले मानांकन मिळवायलाही मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात.

कुरखेड्यात अडते कुठे?

इथली गंमत अशी, की कोरियाला जे उभारावे लागले त्यातला सर्वांत महागडा भाग गडचिरोलीत आधीच उभा आहे. तो म्हणजे निवासी आश्रमशाळा. कुरखेडा तालुक्यातही त्या आहेत. मुले तिथेच राहतात, तिथेच जेवतात, संध्याकाळ त्यांच्या हाताशी असते. नाही तो नेमाने येणारा, स्वतः चांगला खेळणारा प्रशिक्षक. वर्षातून एकदा पट वाटून फोटो काढणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

महिना ३० हजार रुपये मानधन धरले, तर दहा आश्रमशाळांसाठी दहा प्रशिक्षकांचा खर्च वर्षाला ३६ लाख. म्हणजे तीन कोटींत हे काम आठ वर्षे चालते. दिव्याचे बक्षीस कापून हे करा, असे कोणी म्हणणार नाही. पण विजेत्याला एका दिवसात देता येणारी रक्कम सुरुवात करणाऱ्यांसाठी सापडत नसेल, तर अडचण पैशांची नाही.

दुसरी अडचण प्रवासाची. कुरखेड्याहून रेल्वे गाठायची तर आधी वडसा (देसाईगंज) गाठा. मुलगी, सोबतीला पालक, मुक्काम, जेवण, प्रवेश शुल्क आणि पालकाची बुडालेली मजुरी असा हिशेब एका स्पर्धेचा होतो. त्यातून अनेक स्पर्धा उन्हाळी सुटीत. तेव्हा जंगलपट्ट्यात मोहफुले वेचणे संपत आलेले असते आणि तेंदूपत्त्याचा हंगाम दारात उभा असतो. वर्षाची रोकड त्याच दिवसांत हाती येते, तेव्हा घरातले दोन हात कोण मोकळे सोडेल?

कोरियाचे सगळेच उचलावे का?

मुळीच नाही. तिथे व्यावसायिक होण्यासाठी धडपडणाऱ्या प्रशिक्षणार्थींना वयाची मर्यादा असते आणि बहुतेकांना रिकाम्या हाताने बाहेर पडावे लागते. ‘मिसेंग’ या गाजलेल्या कोरियन मालिकेचा नायक असाच, बालपण पटावर घालवून अखेर कंपनीत कारकुनी शिकणारा. आदिवासी मुलांवर असा जुगार लादणे अन्यायाचे ठरेल. त्यामुळे शाळा सुटता कामा नये. आश्रमशाळेत खेळ रोजच्या अभ्यासाच्या जोडीनेच शिकवायला हवा. पाच वर्षांत एकही ग्रँडमास्टर निघाला नाही म्हणून योजना गुंडाळायचीही नाही. किती मुलांना मानांकन मिळाले आणि किती मुली दहावीनंतरही खेळत राहिल्या, हे तपासावे.

सुरुवात लहान असली तरी चालेल. दिवाळीनंतर, धान कापणी-मळणी उरकल्यावर वडशाला पाच-सहा दिवसांची मानांकन स्पर्धा ठेवावी. आश्रमशाळेच्या मुलांना प्रवेश शुल्क नको आणि त्यांना घेऊन येणाऱ्या शिक्षकाला ती कामाचीच रजा धरावी.